गॅस कुठे जातो?

ग्वाल्हेरकरांनी नवी मोटार घ्यावी ती मेळ्यातच. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेला हा मेळा आता व्यापारमेळा म्हणून ओळखला जातो, आणि मोटारींच्या रोड टॅक्समध्ये सूट जाहीर झाली की भिंड, मुरेना, दतियापासून माणसं इथं लोटतात. निम्मा टॅक्स वाचणार म्हटल्यावर वर्षभर कळ काढून बसलेली कुटुंबं असतात. पण मेळा भरतो ऐन थंडीत. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, बाहेर धुकं. अशा वेळी गाडी बघायला आलेला माणूस हीटर लावून पाहतो, एसीबद्दल फक्त ‘चालतो ना?’ एवढं विचारतो. एसीची खरी परीक्षा व्हायला मे उजाडावा लागतो.

इथला मे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, म्हणजे 25 मेच्या सुमारास, की नौतपा लागतो. हे नऊ दिवस लू, म्हणजे तापलेली कोरडी हवा, अशी वाहते की दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. 30 मे 1947 रोजी ग्वाल्हेरच्या पाऱ्याने 48.3 अंश गाठले होते, आणि 45 तर आता दरसालचेच झाले आहेत. उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीच्या आतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी अधिक तापते. हीच गाडी जानेवारीत तीन-चार अंशांच्या पहाटे, समोरचं दिसत नाही अशा धुक्यात, आग्र्याच्या वाटेला लागते. एकाच यंत्राकडून दोन टोकांची कामं मागणारी गावं देशात थोडी असतील.

मे महिना लागला की एसीचं काम करणाऱ्या मिस्त्रींच्या दाराशी सकाळपासून गाड्या उभ्या राहतात, आणि जवळपास प्रत्येक गाडीचा मालक उतरता उतरता एकच वाक्य बोलतो, “भैया, गैस डाल दो.” गार हवा येत नाही, म्हणजे गॅस संपला. बऱ्याच दुकानांत पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. पाइप जोडला, डबा उलटा केला, पैसे घेतले, गाडी गेली. दोन-तीन आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा रांगेत येते.

गाडीतला हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की तेलासारखा झिजत नाही. तो बंदिस्त नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. पुढच्या जाळीआडच्या कंडेन्सरमध्ये तो अंगातली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. मग एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. साध्या वातावरणीय दाबाला हा गॅस, म्हणजे आर-134ए, उणे 26 अंशांवर उकळतो, म्हणून हे सगळं शक्य होतं. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात, ते धरूनसुद्धा चांगली बांधलेली गाडी कित्येक वर्षं गॅस न भरता चालते. एका महिन्यात गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे. ती जागा न शोधता नवा गॅस भरणं हे काम अर्धवट नव्हे, चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गफलत मीटरची. लाल-निळ्या तबकड्यांचा मीटर गाडीला लावला की ग्राहकाला वाटतं, आता सगळं कळणार. पण इंजिन बंद असताना तो मीटर गॅस किती आहे हे सांगतच नाही. नळ्यांत थोडासाही द्रव शिल्लक असेल तर तिथला दाब ठरतो तो फक्त तापमानावर. जानेवारीच्या दहा अंशांच्या सकाळी काटा 45 पीएसआयच्या आसपास राहील आणि मेच्या 45 अंशांत तोच दीडशेवर जाईल, मग गॅस चारशे ग्रॅम असो की दोनशे. स्वयंपाकघरातला सिलिंडर अर्धा झाला तरी शेगडीची आच जशीच्या तशी राहते आणि किती उरलं ते वजन केल्याशिवाय समजत नाही, तसंच हे. छोट्या गाडीला साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम गॅस लागतो आणि नेमका आकडा बहुतेक वेळा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. म्हणून ज्या दुकानात वजनकाटा नाही तिथं गॅस भरू नये.

दौलतगंजातल्या एका निवृत्त मराठी शिक्षिका आपली छोटी हॅचबॅक घेऊन एका वयस्क मिस्त्रींकडे आल्या, तेव्हा मी तिथं होतो. त्यांची तक्रार अशी की गाडी पळती असली की गार लागतं, पण फाटकापाशी किंवा सिग्नलला उभी राहिली की भट्टी होते. आधी दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. मिस्त्रींनी आधी मीटरला हातसुद्धा लावला नाही. इंजिन सुरू ठेवून एसी लावला, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या पंख्याचा आवाज ऐकत उभे राहिले. मग पुढच्या जाळीशी वाकून टॉर्चच्या उजेडात कंडेन्सर पाहिला. बोटांनी चाचपला. बाहेरून तो बरा दिसत होता. पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत त्यांनी लांब पट्टी घातली आणि ती ओढताना बाहेर आला तो शेवरीचा कापूस, वाळलेले किडे, मातीत मळून नमदा झालेला. उन्हाळ्याच्या तोंडी शेवरी फुटते आणि तिचा कापूस गावभर उडतो. त्यावर लूची बारीक धूळ बसली की हवेला वाटच उरत नाही.

मग मीटर लावला. इंजिन चालू असताना उच्चदाबाची बाजू 340 पीएसआय दाखवत होती. दुपार 43 अंशांची होती. अशा दिवशी गॅस बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी तापून मगच द्रव होतो, म्हणजे काटा 250 ते 280 मध्ये असायला हवा. त्याहून वर गेला याचा अर्थ उष्णता बाहेर पडत नाहीये, किंवा गॅस जास्त आहे. इथं दोन्ही होतं. “माताजी, इसमें गैस कम नहीं, ज़्यादा है,” मिस्त्री म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला, कारण जास्तीच्या गॅसचे पैसे त्यांनीच दोनदा मोजले होते. मिस्त्रींनी आधी कंडेन्सर धुतला. पाण्याचा जोर कमी ठेवून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, म्हणजे अडकलेलं आणखी आत न जाता आलं त्या वाटेने निघून जाईल. जोराचा फवारा मारला तर कंडेन्सरच्या कागदासारख्या पातळ पात्या मुडपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. नंतर सगळा गॅस यंत्राने परत खेचून घेतला, व्हॅक्यूम केला, आणि चिठ्ठीवर लिहिल्याइतका तोलून पुन्हा भरला. डॅशबोर्डच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर 21 अंशांवरून 12 वर आला, तोही गाडी उभी असताना. पंखा ठीक होता. नवा गॅस एक ग्रॅमही लागला नव्हता.

पळताना गार आणि उभी असताना गरम, ही खूण कंडेन्सरकडे किंवा त्याच्या पंख्याकडे बोट दाखवते. गाडी पळत असताना वाऱ्यानेच काम होतं, थांबली की पंख्यावर भिस्त. याच्या उलट, सुरुवातीला छान गार आणि अर्ध्या तासाने वाराच कमी कमी होत जातो, अशी तक्रार असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तापमान ओळखणारा छोटा सेन्सर गेलेला असतो, किंवा गॅस खरंच कमी असतो, किंवा केबिन फिल्टर इतका कोंदलेला असतो की कॉइलवर पुरेशी हवाच पोचत नाही. फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बहुतेक गाड्यांत हाताने निघतो, आणि मालकाने तो कधी पाहिलेलाच नसतो. ब्लोअर फक्त चौथ्या आकड्यावर चालतो आणि एक-दोन-तीनवर गप्प, तर रेझिस्टर जळाला आहे. सकाळी एसी लागतो आणि दुपारी तापल्यावर ‘टक’ असा आवाज यायचा थांबतो, तर कॉम्प्रेसरच्या क्लचमधली फट झिजून वाढली असावी किंवा त्याची कॉइल गरम होऊन दम तोडत असावी. यातल्या बऱ्याच गोष्टी मिस्त्री डोळे, कान आणि तळहात वापरून ओळखतात. मीटरचं काम त्यानंतर.

मीटर वाचायचीसुद्धा एक रीत आहे. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त, किंवा व्हॅक्यूम न करता भरल्याने आत हवा राहिली, किंवा कंडेन्सर कोंडला. खालचा काटा चढलेला आणि वरचा उतरलेला, म्हणजे कॉम्प्रेसर थकला. खालचा काटा शून्याच्याही खाली घसरला, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. कधी कधी हा अडथळा बर्फाचा असतो. व्हॅक्यूम नीट झाला नाही की नळ्यांत ओल राहते, ती एक्स्पान्शन वॉल्व्हच्या छिद्रात गोठते आणि गाडी थोडा वेळ थांबवली की वितळते. ग्राहक सांगतो, एसी मनाला येईल तेव्हा चालतो. अर्धा तास पंप चालवून व्हॅक्यूम केला की नळ्यांतलं पाणी इथल्या साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. पण मेच्या रांगेत अर्धा तास कुणाला द्यायचा असतो? इथं दोष एकट्या मिस्त्रींचा नाही. तासाभरात गाडी हवी म्हणून डोक्यावर उभा राहणारा गिऱ्हाईकही त्यात सामील आहे.

गळती शोधणं हे तर आणखी सबुरीचं काम. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, म्हणून गॅस सुटतो तिथं तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा होतो. ग्वाल्हेरची धूळ एवढ्या एका कामी उपयोगाची. डाग दिसला नाही तर नळ्यांत नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, किंवा रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली पाहायचं. पुष्कळदा गुन्हेगार असते वाटाण्याएवढी ओ-रिंग. कूलिंग कॉइलच फुटली असेल तर मात्र डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि दिवस मोडतो. तो खर्च टाळण्यासाठी दरसाल गॅस भरत राहणारी घरं मी ओळखतो. हिशेब मांडला तर तीन उन्हाळ्यांत कॉइलची किंमत त्यांनी हवेत सोडलेली असते.

जुन्या ग्वाल्हेरला उन्हाळा नवा नव्हता. लष्कर भागातल्या मराठी वाड्यांच्या दारांना खसाच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. कोरडी लू ओल्या खसातून आत आली की गार होऊन येई. आजचे कूलर त्याच तत्त्वावर चालतात, आणि आषाढात हवा दमट झाली की ताटीसारखेच ते निकामी होतात. गाडीच्या एसीचंही ऋतुमान असंच पालटतं. मेमध्ये हवा कोरडी असते, कूलिंग कॉइलवर पाणी फार साचत नाही आणि सगळा ताण पुढच्या कंडेन्सरवर येतो. जुलैत बाहेरचा पारा दहा अंशांनी उतरतो, पण हवेतला बाष्पभार कॉइलवर येतो. कॉइलवरून पाण्याची धार लागते आणि ते बाहेर नेणारी बोटभर नळी मातीने तुंबली असेल तर पाणी शेजारच्या सीटच्या पायांशी गालिच्यात उतरतं. चार दिवसांत गाडीला कुबट वास. पावसाळ्यात उभ्या गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकलं तर घाबरू नये, उलट ते ठिबकत नसेल तर नळी पाहावी. चांगला मिस्त्री तक्रार ऐकताना महिना कोणता हेही मनात धरतो.

आता हिवाळा. हीटर हे मुळात वेगळं यंत्र नाहीच. इंजिन थंड ठेवणारं गरम पाणी दोन नळ्यांनी डॅशबोर्डमागच्या छोट्या हीटर कॉइलमध्ये येतं आणि ब्लोअरची हवा तिच्यावरून वाहते. उष्णता फुकटची, एरवी रेडिएटरमधून वाया जाणारी. तरीही डिसेंबर उजाडला की तक्रार येते, तासभर चालवली तरी हीटर कोमटच. याचं मूळ अनेकदा मेमध्ये सापडतं. उन्हाळ्यात इंजिन तापलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हा वॉल्व्ह पाणी साधारण 80-85 अंशांवर जाईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापत नाही, गिऱ्हाईक खूश. पण मग थंडीत इंजिन आपल्या योग्य तापमानाला पोचतच नाही. पेट्रोल जास्त जळतं, तेलात गाळ धरतो आणि हीटरला द्यायला उष्णता उरत नाही. इंजिन का तापत होतं, हा प्रश्न तसाच पडून राहतो. गॅस भरून गळती झाकणं आणि वॉल्व्ह काढून ताप झाकणं, हे दोन्ही एकाच जातीचे उपाय.

निदान मात्र सोपं आहे. इंजिन पुरेसं गरम झाल्यावर बॉनेट उघडून, पंख्यापासून हात जपून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीत शिरणाऱ्या हीटरच्या दोन नळ्यांना बोटं लावायची. दोन्ही नळ्या चटका देतात आणि तरी आत गार हवा येते, तर पाण्याकडे दोष नाही. डॅशबोर्डमधली गरम-गार हवेची झडप किंवा तिची छोटी मोटर अडकली आहे. एक नळी गरम आणि दुसरी गार, तर हीटर कॉइल तुंबली, कारण वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी घातलं गेलं आणि आत गंज-क्षार बसले. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय किंवा जागेवर नाही, किंवा पाणी कमी होऊन आत हवा अडकली आहे. गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून पुसता न जाणारा चिकट पडदा धरत असेल, तर हीटर कॉइल गळते आहे. हे शेवटचं दुर्लक्ष करण्याजोगं नाही. धुक्यात आधीच दिसत नाही, त्यात काच अशी झाली तर संपलं.

धुक्यावरून आठवलं. हिवाळ्यात एसी लावायचा नसतो, हा समज फार पक्का आहे आणि तो धोक्याचा आहे. पाच माणसं बसलेल्या गाडीत श्वासाची वाफ काचेवर जमते. ती घालवायची तर हीटरसोबत एसीही लावावा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि झोत काचेवर द्यावा. कूलिंग कॉइल हवेतली ओल काढते, हीटर तीच हवा गरम करतो आणि मिनिटाभरात काच लख्ख होते. फडक्याने काच पुसत गाडी हाकणारे चालक मी दरवर्षी पाहतो, तेव्हा वाटतं की हे गाडी विकतानाच का सांगत नाहीत! थंडीत आणखी एक गोष्ट जिवावरची. बंद जागेत इंजिन चालू ठेवून, हीटर लावून झोपायचं नाही. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंग-गंध नसलेला असतो.

ग्वाल्हेरवरून आग्रा-मुंबई रस्ता जातो आणि त्यावरचे ट्रक हा या सगळ्यातला सर्वांत दुखरा भाग. मेच्या दुपारी इंजिनाला लागून असलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये माणसं पिढ्यानपिढ्या बसत आली. साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा करणारा नियम 2025 मध्ये लागू झाला. व्हायला हवा होता त्यापेक्षा फारच उशिरा. जुने ट्रक मात्र अजून कित्येक वर्षं रस्त्यावर राहतील.

एसीचा गॅस हवेत गेला तर बिघडलं कुठे, असंही कुणी विचारतं. पॅकार्ड कंपनीने 1939 मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार दाखवली. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं गाड्यांत आर-12 होता. तो ओझोनचा थर खातो हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये दाखवलं, 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि त्याच्या जागी आर-134ए आला. हा ओझोनला इजा करत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट आहे. एका छोट्या गाडीतला चारशे ग्रॅम गॅस सुटला तर तो अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम करतो. 2016 च्या किगाली करारानुसार भारताला अशा वायूंचा वापर 2028 पासून गोठवायचा आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी कमी करायचा आहे. आपल्या शेजारी मालनपूरला टायरचा धागा विणणारी एसआरएफ कंपनीच राजस्थानात भिवाडीला आर-134ए तयार करते, म्हणजे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. पुढचा वायू आर-1234वायएफ. त्याचा तापवण्याचा दोष नगण्य, पण तो महाग आहे आणि किंचित ज्वलनशील. बाजारातले स्वस्त अनोळखी डबे तर टाळावेतच. त्यांत पेट घेणाऱ्या वायूंची भेसळ असू शकते आणि ती गाडीच्या आतच, डॅशबोर्डमागे गळू शकते.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून मिस्त्रींचं काम आणखी बदललं आहे. तिथं कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, शेकडो व्होल्टच्या विजेवर फिरतो. नारिंगी तारांना उघडा हात लावायचा नाही. त्यात तेलही वेगळं, वीज न वाहणारं. पेट्रोल गाडीच्या पाइपातून जुन्या तेलाचे चार थेंब आत गेले तरी विजेची गळती सुरू होऊ शकते. म्हणून त्या वयस्क मिस्त्रींनी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी पाइप, मीटर आणि पंप वेगळे ठेवले आहेत, जाड विद्युतरोधक हातमोजे घेतले आहेत. अशी गाडी आली की ते आधी तिचा सर्व्हिस प्लग काढतात आणि आत साठलेली वीज उतरायला कंपनीने सांगितला असेल तेवढा वेळ हात न लावता बाजूला थांबतात. मागे रांगेत कुणी हॉर्न वाजवला तरी थांबतात.